पिन निघण्याआधी

ठेकेदार मुरलीधरनं गुटख्याची पिंक टाकली, ती माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर पडली.

"फौजी साब, तीन दिन हो गए," तो म्हणाला. "घन मार-मार के लड़कों के हाथ छिल गए. पिन टस से मस नहीं हो रही."

मी आधी बूट मागे घेतला आणि मग मशीनकडे बघितलं. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या मागच्या अंगाला जो नाला वाहतो, त्याच्या काठावर एक पिवळं पोकलेन उभं होतं. त्याचा लांब हात नाल्यात उतरला होता आणि टोकाची बकेट अर्धवट वळून तिथंच अडकली होती. नाल्याचं पाणी म्हणजे नुसतं म्हणायला पाणी. कारखान्यांचं तेल, कसलासा निळा रंग, वस्तीची घाण, आणि मधोमध एक फुगलेलं डुक्कर. दसरा होऊन आठवडा झाला होता, पण ऊन अजून वैशाखाचं असावं तसं तापत होतं. अशा जागी माणसं उभी राहतात, चहा पितात, हसतात, याचं मला नेहमीच नवल वाटत आलं आहे.

मला किळस फार. लहानपणापासून. तारामती, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "देवानं तुमाला नाक जरा जास्तच दिलंय. सगळ्या जगाचीच घाण वाटती." कामावरचे कपडे ती घरात घेऊ देत नाही, आणि दोष मात्र माझ्या नाकाला. असो. असलं नाक घेऊन मी जन्मभर ग्रीस, गंज आणि चिखलात काम केलं, हा आमच्या नशिबाचा विनोद आहे.

माझं काम सांगतो. पोकलेनच्या हाताला बकेट जोडलेली असते ती एका पिनेवर. पिन म्हणजे टाचणी नव्हे. मनगटापेक्षा जाड आणि हातभर लांब असा पोलादी दांडा. तो ज्या जाड नळीत फिरतो तिला बुश म्हणतात. बाहेर एक छोटं बोंडूक असतं, निपल. त्यातून रोज ग्रीस मारायचं, ते बुशाच्या भोकातून आत पिनेपर्यंत जातं आणि मशीन सुखानं चालतं. ग्रीस गेलं नाही तर लोखंड लोखंडाला धरतं आणि पिन आत आवळून बसते. मग घण मारा नाहीतर नवस बोला, ती काही हलत नाही. मशीन असतं रानात, खाणीत नाहीतर असल्या नाल्यात, उचलून वर्कशॉपला नेता येत नाही. मग मला बोलावतात. मी आणि दिलीप टेंपोत जॅक, गॅसची नळकांडी आणि जॅक टेकवायची आमची स्वतःची चौकट टाकून जागेवर जातो आणि पिन काढून देतो. आम्ही दोघंही फौजेतले, ईएमईचे, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेचे. मी हवालदार म्हणून सुटलो, तो नाईक म्हणून. दोघंही सातारा जिल्ह्याचे, आणि शेवटचं पोस्टिंग जयपूर, म्हणून झोटवाड्यात घरं बांधून इथलेच झालो. हे काम करणारा जयपुरात मी एकटाच आहे असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात.

माझा दुसराही एक लौकिक होता. पिन काढायच्या आधीच मी दोष कुणाचा ते सांगत असे. ठेकेदार विचारायचे आणि मी सांगायचो. दहातल्या नऊ वेळा दोष ऑपरेटरचा असतो. ग्रीस मारायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं त्याला बिडी ओढायला हवी असतात. फौजी साब बोलले म्हणजे झालं, असं या धंद्यातले लोक म्हणत, आणि मला ते आवडायचं. आता कशाला खोटं बोलू.

"ये देखो, इसका कमाल है," मुरलीधरनं बोटानं दाखवलं.

मशीनच्या साखळीपट्ट्याला टेकून त्याचा ऑपरेटर उभा होता. गोपीनाथ. पस्तिशीचा, काटकुळा, डोक्याला गमछा. मी जवळ गेलो तसा तो सरळ उभा राहिला.

"राम राम साब. ग्रीस तो मैं रोज मारता हूँ साब."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही. पिन अडकलेला प्रत्येक ऑपरेटर रोज ग्रीस मारत असतो. मी फळी टाकली, नाकाला रुमाल बांधला आणि नाल्याच्या उतारावरून बकेटपर्यंत उतरलो. दसऱ्याच्या पूजेसाठी मशीनला नखशिखांत पिवळा रंग फासलेला होता. हीही इथली एक तऱ्हा. वर्षभर विचारायचं नाही आणि दसऱ्याला रंग फासून हार घालायचा. हातावर झेंडूची वाळलेली माळ अजून लोंबत होती. निपलवरचा रंग मात्र कुणीतरी खरवडून काढला होता आणि त्याच्याभोवती ग्रीसचा हा एवढा लपका होता. मी बोटानं तो उचलून बघितला. ताजा होता.

"वरून कीर्तन आणि आतून तमाशा," मी वर उभ्या असलेल्या दिलीपला म्हणालो. "मी येणार म्हटल्यावर आज सकाळी थापलंय."

आमची मराठी म्हणजे साइटवरची गुप्त भाषा. ठेकेदारासमोर त्याचीच उणीदुणी काढली तरी त्याला पत्ता लागत नसे. दिलीप हसला.

मुरलीधरनं वरून विचारलं, "बोलो फौजी साब, गलती किसकी?"

"ग्रीस गई नहीं अंदर," मी म्हणालो. "और किसकी होगी? ऑपरेटर की."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण त्या वेळी मला तसं वाटलं नाही. मला फक्त त्या डुकराचा वास येत होता आणि लवकर वर जायचं होतं.

मुरलीधरनं गोपीनाथपुढं हात पसरला. "चाबी."

"सेठजी, एक बार पिन निकल जाने दो..."

"चाबी दे. पूरी लाइन में बता दूँगा. अब किसी की मशीन पे चढ़ के दिखा."

आणि लगेच त्यानं मोबाईल काढून कुणाला तरी फोन लावलासुद्धा. चौमूच्या बाजूचा एक ऑपरेटर रिकामा आहे का म्हणून विचारत होता. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. जयपुरात पोकलेनवाले ठेकेदार ते किती, सगळे एकमेकांना ओळखणारे. एकदा कानफाट्या नाव पडलं की त्या माणसाला कुणी मशीनवर बसवत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मला वाटायचं, असल्यांना तसंच पाहिजे.

गोपीनाथनं चावी दिली. रडला नाही, पाया पडला नाही, आणि गेलाही नाही. सायकल तिथंच होती, तिच्या हँडलला डबा लटकत होता. तो काठावर उकिडवा बसला आणि म्हणाला, "पिन देख के जाऊँगा साब."

"बैठ," मी म्हणालो. "तू भी देख ले."

आम्ही कामाला लागलो. तीन दिवस घण मारून त्या लोकांनी पिनेचं तोंड ठेचून भाकरीसारखं पसरवलं होतं. ते आधी घासून काढावं लागलं. सगळ्यांना घणच सुचतो. मशीन अडलं, घाल घण. बायको बोलली, घाल घण. त्यात दिलीपचा एक पाय फळीवरून घसरून गुडघ्यापर्यंत त्या काळ्या राड्यात गेला. त्यानं निमूटपणे पाय बाहेर काढला, आणि मला मात्र वर चढून दूर जाऊन उभं राहावं लागलं.

"दादा, पाय माझा गेलाय," दिलीप म्हणाला. "वकायला तुमाला का व्हतंय?"

चौकट बसवली, जॅक बसवला, पंप मारून ताण दिला. मग गॅस पेटवून मी पिनेभोवतीचा पोकलेनच्या हाताचा जाड भाग तापवायला लागलो. आतली पिन गार आणि बाहेरचं लोखंड तापलेलं, म्हणजे बाहेरचं जरा फुगतं आणि पकड सुटते. घाई करायची नाही, ज्योत एका जागी धरायची नाही. पिवळा रंग आधी फुगला, मग जळून सालपटासारखा उडाला. खालचं जुनं लोखंड दिसायला लागलं.

आणि तिथं दोन ठिपके दिसले.

एक हातावर आणि एक बुशाच्या कडेवर, बरोबर समोरासमोर. पंचानं, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यानं ठोकलेले. बुश बसवला की मी असे दोन ठिपके ठोकतो. पुढे कधी बुश आत फिरला तर ठिपके एकमेकांपासून सरकतात आणि लगेच कळतं. फौजेतली सवय आहे. जयपुरात दुसरं कुणी असले ठिपके ठोकत नाही.

"दादा, ह्यो तर आपलाच ठिपका," दिलीप म्हणाला.

"आपलाच," मी म्हणालो.

आणि माझी छाती फुगली, हे सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी हे मशीन दुसऱ्या कुणाचं तरी होतं, मुरलीधरनं ते नंतर घेतलेलं दिसत होतं. आम्ही चौमू रस्त्याला एका आवारात त्याचा बुश बदलला होता. मेलेल्या जनावरांची हाडं गोळा करायचं आवार होतं ते. तो वास मला आजही सांगता येत नाही. कावळे, कुत्री, उन्हात पडलेली कातडी. मी चाळीस मिनिटांत काम उरकून बाहेर पडलो होतो, आणि पुढे कित्येक दिवस या चाळीस मिनिटांची बढाई मारत होतो. मी मनात म्हटलं, बघा, आम्ही घातलेला बुश ठिपक्याला ठिपका धरून बसला आहे, जागचा हललेला नाही. काम करावं ते असं, आणि त्याचं वाटोळं करावं ते या ऑपरेटर लोकांनी.

मी पंपाचे आणखी चार दांडे मारले. ठाण्ण करून आवाज झाला, बंदुकीची गोळी सुटावी असा. नाल्याकाठची कुत्री पळाली. पिन सुटली होती. मग ती इंचाइंचानं बाहेर सरकायला लागली आणि पाऊण तासानं आम्ही तिला फळीवर उतरवलं. तोवर दुपारचा एक वाजला होता.

पिन कोरडी होती. नुसती कोरडी नाही; मधल्या भागात निळी-तांबडी जळलेली, ओरखडे पडलेली. ग्रीसचा एक थेंब नव्हता. मुरलीधरनं वाकून बघितलं आणि गोपीनाथकडे बघून हसला.

"ये मारता था तू ग्रीस?"

गोपीनाथ उतारावरून खाली आला. त्यानं पिनेवरून तळहात फिरवला, मग तळहात बघितला, मग पुन्हा फिरवला. चोर तो चोर वर शिरजोर असा चेहरा मी बघायला तयार होतो. तसला चेहरा नव्हता तो. देवळाबाहेर काढलेल्या चपला जागेवर नसल्या की माणूस जसा इकडेतिकडे बघतो, तसा तो बघत होता.

"साब, रोज मारता था," तो हळूच म्हणाला. "गन बहुत सख्त चलती थी. आधी ग्रीस वापस बाहर आ जाती थी. मैंने सेठजी को बोला भी था, जाती नहीं है."

"बोला था," मुरलीधर म्हणाला. "मैंने कहा, हाथ में दम ला."

गन सख्त चालत होती, हे शब्द माझ्या कानात अडकले. खिशातून तार काढली. निपल उघडलं आणि त्याच्या भोकातून तार आत घातली. बुशाचं भोक समोर असेल तर तार सरळ पिनेच्या पोकळीत उतरते. ही तपासणी बुश बसवल्या बसवल्या करायची असते. मी स्वतः ती पोरांना शिकवली आहे, फौजेत वर्षानुवर्षं.

तार बोटभर आत गेली आणि टक करून थांबली.

मी ती बाहेर काढली. तिला ग्रीस चिकटून आलं, आधी पिवळट, ताजं, आणि त्याखाली जुनं, काळं, घट्ट. दोन वर्षांचं. पुन्हा घातली, पुन्हा टक. मग बॅटरी लावून पोकळीला डोळा लावला. बुशाचं भोक बरोबर उलट्या बाजूला, खाली होतं आणि चिखलानं बुजलेलं होतं. ठिपके समोरासमोर, म्हणजे बुश फिरलेला नव्हता. तो पहिल्या दिवसापासून तसाच होता. निपल एकीकडे आणि भोक दुसरीकडे. मशीन हाती आल्यापासून हा माणूस लोखंडाच्या भिंतीवर ग्रीस मारत होता.

त्या हाडांच्या आवारात मी तार घातली होती का? मी खरोखर आठवून बघितलं. तार घालायची तर तोंड मशीनच्या पार जवळ न्यावं लागतं, आणि तिथं हाताखालीच एक सडलेलं कातडं पडलेलं होतं. नव्हती घातली. नाकावर रुमाल धरून मी ठिपका ठोकला होता आणि पळालो होतो.

किळस मला ओळखीची गोष्ट आहे. पण ती नेहमी बाहेरून यायची, नाल्यातून, गुटख्यातून, लोकांच्या घाणेरड्या नखांतून. त्या दिवशी ती माझ्याच बनियनच्या आत होती आणि तिच्यापासून मागे घ्यायला बूट नव्हता.

दिलीपनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं. त्याला क्षणात कळलं. तो मराठीत म्हणाला, "दादा, गप बसा. बुश फिरला आसंल म्हनून सांगू."

"ठिपके समोरासमोर हायेत, दिलीप."

"ते आपल्यालाच दिसत्यात. ह्यांना काय कळतंय? बुश काढतो आन् टाकतो टेंपोत. झालं."

मी लगेच खरं बोललो असं सांगितलं तर ते खोटं होईल. दिलीपला म्हणालो, जॅक फिरव, बुश काढून घेऊ. नवा बुश आणि नवी पिन आम्ही आणलीच होती. मी मनाशी हिशोब केला की गोपीनाथला आठ-पंधरा दिवसांत कुठंतरी काम मिळेल, मीच कुणाला तरी सांगेन. माझं नाव गेलं तर मात्र या वयात परत मिळायचं नाही. आणि आमचा तो विचार चालला असताना गोपीनाथ पिनेशेजारी बसून होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "शायद मैं ही भूल जाता था साब. आप बोल रहे हो तो... भूलता ही हूँगा."

त्याचा स्वतःवरचा विश्वास माझ्या एका वाक्यानं गेला होता. नोकरी गेली ती गेली, पण रोज सकाळी आपल्या हातानं केलेलं काम आपण केलंच नसेल असं त्याला वाटायला लागलं होतं. मला तिथं भडभडून आलं. ओकारी नव्हे, दुसरंच काहीतरी.

मराठीत बोललो असतो तर ते आम्हा दोघांतच राहिलं असतं. म्हणून हिंदीत बोललो, आणि मोठ्यानं.

"गोपीनाथ, तू नहीं भूला. ग्रीस अंदर जा ही नहीं सकती थी. ये बुश मैंने डाला था. उलटा डाला."

दिलीपनं पान्याचा हात खाली केला. मुरलीधर आधी माझ्याकडे बघत राहिला आणि मग खो-खो हसला.

"अरे फौजी साब, रहने दो! दिवाली का टाइम है, दया आ गई आपको. बड़े दिल के आदमी हो."

म्हणजे कामावरून काढायला माझा एक शब्द पुरला होता, आणि ठेवायला माझा शब्द चालत नव्हता. इतकी वर्षं जमवलेल्या माझ्या नावाचा हा उपयोग! मला इतका संताप आला की मी त्याचं मनगट धरून त्याला उतारावर ओढला. त्याचे पांढरे बूट राड्यात गेले.

"हाथ इधर ला. तार पकड़. डाल."

त्यानं तार घातली. टक. मग मी त्याला बॅटरी देऊन पोकळीत वाकायला लावलं. भोक कुठं आहे ते दाखवलं. ठिपके दाखवले, ते कुणाचे ते सांगितलं, कुठं आणि कधी ठोकले तेही सांगितलं. दोन वर्षांचं ग्रीस त्याच्या बोटाला लावलं. मुरलीधरचं हसू गेलं. त्यानं बोट कुठं पुसावं ते कळेना, शेवटी मशीनला पुसलं.

"तो मेरी मशीन आपने खराब की."

"हाँ."

"और तीन दिन से मैं इसको गालियाँ दे रहा हूँ."

"हाँ."

"तो अब मैं आपको किस भरोसे बुलाऊँ?"

"मत बुलाना," मी म्हणालो. "आज का काम पूरा करके जाऊँगा."

तो फोनवर बोलत वर निघून गेला. चौमूच्या माणसाला नको म्हणत होता की आणखी कुणाला तरी माझी गोष्ट सांगत होता, ते मला ऐकू आलं नाही. पण संध्याकाळपर्यंत ती सगळ्या लाइनीत जाणार हे मला माहीत होतं. जाऊ दे. खरी गोष्ट निदान एकदा तरी तितक्याच वेगानं जावी.

नवा बुश बसवताना मी गोपीनाथला जवळ बोलावलं. म्हटलं, तू बघ. त्यानं गमछा नाकाला बांधला नाही, तोंड वळवलं नाही. त्या घाणीत गुडघ्यावर बसून भोकाला डोळा लावला. तार त्याच्याच हातानं घातली. ती पलीकडे पोकळीत उतरली तेव्हा त्यानं ती दोनदा आत-बाहेर केली. मी ठिपके ठोकले. नवी पिन बसवली. मग त्यानं ग्रीसगन आणली आणि मारायला लागला. गन मऊ चालत होती. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. थोड्या वेळानं पिनेच्या दोन्ही कडांनी स्वच्छ पिवळं ग्रीस बाहेर आलं. तेवढं पुरे असतं. पण तो मारतच राहिला. ग्रीस कडांवरून ओघळून नाल्यात पडायला लागलं तरी मारत राहिला, आणि आम्हा तिघांपैकी कुणीही त्याला थांबवलं नाही. त्यानं स्वतःच थांबून गन पुसली.

मुरलीधर वरून म्हणाला, "ले, पकड़," आणि चावी फेकली. माफी वगैरे मागायची रीत त्याच्याकडे नव्हती. गोपीनाथनं चावी झेलली. मला वाटलं, आता हा मला चार शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटत होतं. निदान हिशोब तरी मिटला असता. पण तो केबिनच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबला.

"साब, कजोड़ उस्ताद याद है? बगरू में, तालाब की खुदाई पे."

मी आठवून बघितलं. बगरू, तळ्याचं काम, तीन-चार वर्षांपूर्वी. एक जाडजूड, मिशाळ ऑपरेटर होता खरा. तोही म्हणत होता की रोज मारतो.

"मुझे मशीन उसी ने सिखाई," गोपीनाथ म्हणाला. "आपने बोला, ऑपरेटर की गलती. उसके बाद किसी ने मशीन नहीं दी उसको. अब सूरजपोल मंडी में बोरियाँ ढोता है." त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं त्यानं विचारलं, "उसकी पिन देखी थी साब, निकलने के बाद?"

बगरूची पिन निघाली तेव्हा मी हात धूत होतो. साबणानं, कोपरापर्यंत. पिन फळीवर आली तशी भंगारवाल्यानं उचलली. बुश दिलीपनं काढला. मी वळूनही बघितलं नव्हतं. आणि त्याच्या आधीच्या? त्या सगळ्या पिना? मी दोष सांगायचो पिन निघण्याआधी. निघाल्यावर बघायचं कारणच नसायचं.

"नहीं," मी म्हणालो. "नहीं देखी."

गोपीनाथनं मान हलवली आणि तो केबिनमध्ये चढला. मशीन सुरू झालं. हात वर उचलला गेला, बकेट अलगद वळली, कुरकूर नाही की धक्का नाही. नाल्यातलं काळं पाणी तिच्यातून निथळत होतं आणि वाऱ्यानं त्याचे शिंतोडे माझ्या शर्टावर येत होते.

"दादा, मागं सरा," दिलीप म्हणाला.

मी तिथंच उभा राहिलो.